मुद्रा आणि मुद्रक

‘मुद्रा’ हा शब्द आपल्या भाषेत किती निरनिराळ्या अर्थांनी वावरतो याची आपणांस सहसा जाणीव नसते. राजाचा शिक्का ही मुद्रा, टांकसाळीतले नाणे हीही मुद्राच. मनात दाटलेला भाव चेहऱ्यावर उमटतो तेव्हा त्यालाही आपण मुद्राच म्हणतो. पूजेस बसलेल्या वैष्णवाच्या अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा असतात, आणि आषाढी एकादशीस स्वामींच्या हातून तप्तमुद्रा घेण्यासाठी आपल्याकडील कुटुंबेच्या कुटुंबे मठात जमतात. ही मुद्रा घेणारा मनुष्य आपण होऊन हात पुढे करतो. आपण कोणाचे आहोत हे तिच्या योगाने तो जगास सांगतो, परंतु ते सांगण्याची इच्छा त्याची स्वतःची असते. राजसत्तेचा शिक्का मात्र असा विचारून उमटत नाही. तो माणसावर बाहेरून पडतो आणि ‘तू अमुक आहेस’ असे त्यालाच बजावतो.

पुस्तके छापणाऱ्यास आपण ‘मुद्रक’ म्हणतो ते याच शब्दावरून. वरील दोन मुद्रांमध्ये किती अंतर पडू शकते हे ज्याच्या आयुष्यात फार तीव्रतेने दिसून आले, अशा एका डच मुद्रकाची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे. त्याची कला आपल्या नित्याच्या परिचयातील नव्हे. तथापि ती ज्या ठिकाणी जाऊन पोहोचली ते ठिकाण आपल्या वाचकांस अगदीच परके वाटेल असे नाही.

हेंड्रिक निकोलास वेर्कमान याचा जन्म २९ एप्रिल १८८२ रोजी नेदरलँड्सच्या उत्तरेकडील ग्रोनिंगेन प्रांतात, लेन्स या खेड्यात झाला. वडील पशुवैद्य होते. हेंड्रिक नऊ वर्षांचा असताना ते वारले, आणि आई मुलांना घेऊन कालांतराने ग्रोनिंगेन शहरी राहावयास आली. तरुणपणी त्याने वृत्तपत्रात काम केले, छापखान्यात उमेदवारी केली आणि १९०८ साली स्वतःचा छापखाना काढला. धंद्याचा जम बसला; वीसहून अधिक माणसे त्याच्या हाताखाली काम करू लागली. गावातल्या एका सुखवस्तू मुद्रकाचे आयुष्य जसे जावे तसे ते जात होते. परंतु १९१७ साली त्याची पत्नी निवर्तली. महायुद्ध संपल्यावर व्यापारात मंदी आली आणि १९२३ साली छापखाना बुडाला. त्या वेळी वेर्कमान एक्केचाळीस वर्षांचा होता. मोठी यंत्रे गेली, माणसे गेली. कालव्याकाठच्या एका गोदामाचा वरचा मजला, हाताने चालवावयाचे एक जुने यंत्र आणि खिळ्यांचे काही संच एवढेच काय ते त्याच्यापाशी उरले.

व्यवहारी जगाच्या दृष्टीने येथे त्याची कथा संपली. वस्तुतः ज्या वेर्कमानचे नाव आज युरोपातील कलेच्या इतिहासात घेतले जाते, तो येथूनच सुरू झाला.

त्यापूर्वी काही वर्षे ग्रोनिंगेनमधील तरुण चित्रकारांनी ‘नांगर’ अशा अर्थाच्या नावाचे एक मंडळ स्थापिले होते. १९१८ साली निघालेल्या या मंडळात वेर्कमान लवकरच सामील झाला. त्यांच्या प्रदर्शनांची पत्रके व जाहिराती तो छापून देत असे आणि स्वतःही अधूनमधून चित्रे काढीत असे. धंदा बुडाल्यावर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने एक पत्रक छापून मित्रांकडे धाडले. त्यात ग्रोनिंगेन, बर्लिन, मॉस्को आणि पॅरिस ही चार नावे त्याने एका ओळीत बसविली होती. दिवाळे निघालेल्या एका मुद्रकाने आपले आडबाजूचे गाव जगातील राजधान्यांच्या पंक्तीस नेऊन ठेवावे, यात थोडा विनोद होता आणि थोडी जिद्दही होती. त्यापाठोपाठ ‘द नेक्स्ट कॉल’ हे नियतकालिक निघाले. १९२३ ते १९२६ या काळात त्याचे नऊ अंक प्रसिद्ध झाले. प्रती सुमारे चाळीस निघत. त्या विकण्यापेक्षा मित्रांना आणि परदेशातील समानधर्मी कलावंतांना पाठविण्यासाठीच असत.

या अंकांत नवीन काय होते हे समजावयाचे तर जुन्या छापखान्याची रीत ध्यानात घेतली पाहिजे. जुळारी खिळे उचलतो, ओळी जुळवितो, त्यांचा फर्मा आवळून यंत्रावर चढवितो. रूळ खिळ्यांवर शाई फिरवितो, वरून कागद दाबला जातो, आणि पहिल्या प्रतीसारखीच हजारावी प्रत निघते. या व्यवस्थेत खिळ्याला स्वतःचे म्हणून काही बोलावयाचे नसते. दुसऱ्याचे शब्द वाहून नेणे एवढेच त्याचे काम. आणि मुद्रकाचे तरी वेगळे काय? उत्तम मुद्रक तो, ज्याचा हात छापलेल्या पानावर कोठेच दिसत नाही.

वेर्कमानने ही रीत उलटी केली. लाकडाचे मोठाले खिळे, रेघा काढावयाच्या पट्ट्या, ओळींमध्ये पाचर म्हणून घालावयाचे ठोकळे, जे कधी छापावयाचे नसते तेही त्याने शाई लावून कागदावर उमटविले. शाईचा रूळ तो थेट कागदावरून फिरवी. रुळाची कड टेकवून बारीक रेघ काढी, सबंध रूळ फिरवून रंगाचा पट्टा काढी. सुटा खिळा हातात धरून तो शिक्क्यासारखा दाबी. पुढेपुढे कागद कापून त्याचे साचे करू लागला आणि साच्याच्या मोकळ्या जागेतून रंग भरू लागला. यंत्राचा दाबही हाताच्या अंदाजाने कधी जोराचा, कधी हलका. पहिल्या दाबात शाई फार गडद वाटली तर ती एका टाकाऊ कागदावर उतरवून घ्यावयाची, म्हणजे दुसऱ्या दाबास फिकी छटा मिळते. एकच कागद असा पुन्हा पुन्हा यंत्राखाली जाई आणि अखेरीस जे निघे त्याची दुसरी प्रत होणे शक्य नसे. डच भाषेत छापण्याच्या क्रियापदावरून त्याने या कृतींना ‘ड्रक्सेल’ असे नाव दिले. साध्या टंकलेखन यंत्रावर अक्षरे व चिन्हे एकमेकांवर ठोकून केलेल्या रचनांना तो ‘टिक्सेल’ म्हणे. आयुष्यात त्याने सहाशेहून अधिक ड्रक्सेल केली.

ही सारी एका निरुद्योगी मनुष्याची क्रीडा असे कोणास वाटल्यास नवल नाही. त्याच्या गावातही पुष्कळांना तसेच वाटे, आणि या कामातून त्याला पैसा म्हणण्यासारखा मिळाला नाही. परंतु हे प्रयोग छपाई न येणाऱ्याचे नव्हते. पंधरा वर्षे धंदा केलेल्या कसबी माणसाचे होते. कोणत्या कागदावर शाई किती पसरेल, लाकडाची शीर कशी उमटेल, हे त्याच्या बोटांना ठाऊक होते. इतकी वर्षे हे ज्ञान इतरांच्या मजकुरासाठी खर्ची पडले. आता ते स्वतःसाठी वापरावयाचे त्याने ठरविले, एवढाच फरक. त्याच्या ड्रक्सेलांत पत्नीवियोगाचे किंवा दिवाळखोरीचे दुःख शोधणे सोपे आहे, पण ती पाहताना तसे दुःख सहसा हाती लागत नाही. दिसतो तो एक संथ आनंद, रंगांची एकमेकांशी चाललेली कुजबुज आणि मध्येच एखादे एकाकी अक्षर. आपले मन त्याने कथा सांगून उघड केले नाही. हाताच्या दाबातून ते कागदावर उतरू दिले. मुद्रेचा जो अर्थ आपण चेहऱ्याच्या बाबतीत घेतो, तो येथे कागदास लागू पडतो.

१० मे १९४० रोजी जर्मन फौजा नेदरलँड्समध्ये शिरल्या आणि काही दिवसांतच देश शरण गेला. नव्या सत्तेचे एक वैशिष्ट्य असे की, ती मोजणीवर आणि नोंदीवर विलक्षण विसंबून होती. १९४१ पासून प्रत्येक प्रौढ माणसास ओळखपत्र बाळगणे भाग पडले. त्यावर छायाचित्र, बोटाचा ठसा, क्रमांक आणि सही असे. हे पत्र इतक्या काळजीने तयार केले होते की, त्याची नक्कल करणे फार अवघड होते. ज्यूंच्या ओळखपत्रावर एक मोठे अक्षर छापले जाई, त्यांच्या जातीच्या नावाचे आद्याक्षर. मे १९४२ मध्ये त्यांना कपड्यावर पिवळी चांदणी लावण्याची सक्ती झाली, आणि त्या जुलैपासून आगगाड्या भरभरून त्यांना पूर्वेकडील छळछावण्यांत नेण्यास आरंभ झाला. देशात सुमारे एक लक्ष चाळीस हजार ज्यू होते. त्यांपैकी एक लक्षाहून अधिक मारले गेले. या संहाराची तयारी कचेऱ्यांतील फडताळांत, छापील पत्रांवर झाली होती. एका अक्षराचा ठसा पडला की माणूस कोण हे ठरले. त्याचे नाव, त्याचे शेजारी, त्याची भक्ती, त्याचा स्वभाव यांस मग काही किंमत उरली नाही. खिळा आणि शाई ही साधने तीच होती. पण मुद्रा त्या दुसऱ्या जातीची होती.

याच दिवसांत, १९४० सालच्या अखेरीस, ऑगस्ट हेन्केल्स नावाचा एक ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि त्याचे दोन स्नेही वेर्कमानकडे आले. मार्टिनुस नेइहोफ या कवीची, १५७२ या वर्षावरील एक कविता छापून मित्रांत वाटावयाची त्यांची इच्छा होती. त्या वर्षी डच लोकांनी स्पेनच्या दुसऱ्या फिलिपविरुद्ध बंडाचा झेंडा रोवला होता. (हाच फिलिप १५८० मध्ये पोर्तुगालच्या गादीवर आल्यामुळे पुढे गोमंतकाचाही राजा झाला.) जुने वर्ष सांगून आजचे दुःख बोलण्याची ही युक्ती वाचणाऱ्यास समजण्यासारखी होती. यातून ‘निळी नौका’ या नावाची एक मालाच सुरू झाली. हे नाव मध्ययुगीन डच वाङ्मयातील होते. जगाने वेड्यात काढलेल्या लोकांची ती नौका. १९४४ पर्यंत या मालेत चाळीस प्रकाशने निघाली. कविता, स्तोत्रे, कथा असे त्यांचे स्वरूप होते. कागदाचा दुष्काळ होता. कलावंतांनी व प्रकाशकांनी सरकारी संस्थेत नाव नोंदविल्याखेरीज काम करू नये असा हुकूम निघाला होता. तो न मानता हे काम चालू राहिले.

मालेतील सर्वांत मोठे काम म्हणजे ‘हसिदी आख्यायिका’. मार्टिन बुबर या ज्यू तत्त्वज्ञाने १९०८ साली लिहिलेला, बालशेम या संतपुरुषाच्या कथांचा ग्रंथ हेन्केल्सने वेर्कमानला वाचावयास दिला. बालशेम म्हणजे इस्रायल बेन एलिएझर. अठराव्या शतकात, आज युक्रेनमध्ये असलेल्या पोडोलिया प्रांतात तो होऊन गेला. १७६० साली त्याचा अंत झाला. धर्म पंडितांच्या वादविवादांत अडकून पडला असताना त्याने साध्यासुध्या लोकांस असे सांगितले की, ईश्वर सर्वत्र भरलेला आहे आणि आनंदाने केलेली प्रार्थना, मग ती गाण्यातून होवो की नाचण्यातून, त्याच्यापर्यंत पोहोचते. वारकऱ्यांच्या दिंडीत वाढलेल्या किंवा देवळातील सप्ताहात रात्र रात्र भजन ऐकलेल्या वाचकास याचे अधिक स्पष्टीकरण नको.

हसिदी परंपरेत एक कथा सांगितली जाते. एका अडाणी माणसास प्रार्थनेचे शब्द येत नव्हते. येत होती ती केवळ वर्णमाला. प्रार्थनागृहात बसून तो एकेक अक्षर मोठ्याने उच्चारू लागला आणि म्हणाला, “देवा, मला प्रार्थना जुळविता येत नाही. मी तुला अक्षरे देतो. ती तूच जुळवून घे.” आणि त्या दिवशी सर्वांत आधी त्याचीच प्रार्थना वर पोहोचली. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता रामनामास पोहोचलेल्या वाल्याची आठवण यावर आपणांस झाल्याखेरीज राहत नाही. वेर्कमानने ही कथा ऐकली होती की नाही याला महत्त्व नाही. वीस वर्षे तो त्या माळ्यावर तेच करीत आला होता. शब्द न जुळविता अक्षरे कागदावर ठेवावयाची आणि त्यांतून जे उमटेल ते उमटू द्यावयाचे.

१९४१ ते १९४३ या काळात त्याने या आख्यायिकांवर प्रत्येकी दहा चित्रांचे दोन संच केले. प्रती अवघ्या वीस. कागदाच्या साच्यांतून काढलेल्या सपाट मानवाकृती, रुळाने फिरविलेली रंगांची मोकळी क्षेत्रे, मध्येच हाताने दाबलेले ठसे, अशी त्यांची घडण आहे. एका चित्राचे नाव ‘भोळ्यांचा शब्बाथ’, म्हणजे साध्या लोकांचा विसाव्याचा पवित्र दिवस. भयाचा किंवा क्रौर्याचा मागमूस या चित्रांत नाही. ज्या दिवसांत रस्त्यावरील ज्यू म्हणजे एक चांदणी आणि एक अक्षर असे सरकारने ठरविले होते, त्या दिवसांत वेर्कमानने ज्यू माणूस नाचताना, प्रार्थना करताना, देवाशी बोलताना दाखविला.

वेर्कमान स्वतः ज्यू नव्हता. म्हणूनच येथे एक प्रश्न उद्भवतो. स्वतःला शोधण्यासाठी ज्याने प्रयोग आरंभिले, त्याला अखेरीस दुसऱ्याच्या धर्मकथांत आपला सूर का गवसावा? मला असे वाटते की, शोध खरा असेल तर तो असाच जातो. मनुष्य स्वतःच्या अंतरात पुरेसा खोल उतरला म्हणजे त्यास तेथे शेजारी भेटतो. आपल्या संतांचा अनुभवही याहून वेगळा नाही. सोळाव्या शतकात ज्यांच्या पूर्वजांनी तिसवाडी आणि सासष्टी येथून आपले देव रात्रीच्या अंधारात अंत्रुज महालात नेले, त्यांना शेजाऱ्याच्या भक्तीचे मोल वेगळे सांगावयास नको. त्या काळी नदीपलीकडे कोणीतरी जागा दिली म्हणून ते देव राहिले.

या कामाची थोरवी सांगताना अतिशयोक्ती मात्र होता कामा नये. वीस प्रतींच्या चित्रसंचाने एकाही माणसाची आगगाडी चुकविली नाही. तसे काम करणारे मुद्रक निराळे होते. ॲमस्टरडॅममध्ये फ्रान्स डुवार या मुद्रकाने हजारो बनावट ओळखपत्रे छापून लपलेल्या माणसांपर्यंत पोहोचविली, आणि जून १९४४ मध्ये त्यास गोळ्या घालण्यात आल्या. तेथील कला-संग्रहालयातील अधिकारी विलेम सांडबर्ग हाही या कामात होता. ओळखपत्रे खोटी आहेत की खरी हे नोंदणी कचेरीतील दप्तरावरून ताडून पाहता येई. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्री कलावंत व विद्यार्थी यांच्या एका तुकडीने ती कचेरी पेटवून दिली. बाराजणांना त्यापायी १ जुलै रोजी देहान्त शिक्षा झाली. सांडबर्ग निसटला आणि युद्ध संपेपर्यंत दुसऱ्या नावाने राहिला. गंमत अशी की, या अज्ञातवासात, स्वतःचे नाव टाकून दिलेल्या अवस्थेत, त्यानेही छपाईचे प्रयोगच केले. फाडलेले कागद, हाताने काढलेली अक्षरे आणि आवडती वचने घेऊन त्याने लहान लहान पुस्तिका रचल्या. मुद्रणाचे प्रयोग असेच त्यांचे नाव. ओळखपत्रावरील नाव खोटे होते. खरा सांडबर्ग त्या पुस्तिकांत होता.

तेव्हा एकाने प्राण वाचविले व दुसऱ्याने चित्रे छापली, अशी तुलना करून कोणास उणे ठरविण्याचे कारण नाही. खोट्या ओळखपत्राने माणूस जिवंत राहिला. तो माणूस म्हणजे कोण, याची साक्ष वेर्कमानच्या कागदांनी ठेवली. सत्तेला दोन्ही गोष्टी सारख्याच खुपल्या.

१३ मार्च १९४५ रोजी जर्मन गुप्त पोलिसांनी वेर्कमानला चोरटी छपाई केल्याच्या संशयावरून पकडले. त्याच्या जागेतील चित्रे व छापील कागद जप्त करून शहरातील आपल्या मुख्य कचेरीत नेले. दोस्तांच्या फौजा तोवर जवळ येऊन ठेपल्या होत्या. १० एप्रिल रोजी वेर्कमान आणि आणखी नऊ बंदी यांना शेजारच्या फ्रीसलँड प्रांतात बाकेव्हेन गावाजवळच्या रानात नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. त्यास त्रेसष्ठावे वर्ष पुरे होण्यास एकोणीस दिवस उरले होते. तीनच दिवसांनी ग्रोनिंगेनची लढाई सुरू झाली आणि १६ एप्रिलला शहर मुक्त झाले. त्या लढाईत पोलिसांची ती कचेरी जळाली आणि जप्त केलेली त्याची कित्येक चित्रे तिच्याबरोबर भस्मसात झाली.

जे उरले ते उरले याचे कारण वेर्कमानच्या स्वभावात आहे. त्याने विकले थोडे, वाटले फार. मित्रांच्या घरी, पेट्यांत आणि पुस्तकांच्या पानांत त्याची ड्रक्सेल सुखरूप राहिली. युद्ध संपल्यावर सांडबर्ग ॲमस्टरडॅमच्या नगर-कलासंग्रहालयाचा संचालक झाला आणि १९४५ च्या अखेरीसच त्याने वेर्कमानच्या कामाचे प्रदर्शन भरविले. युद्धापूर्वीपासून त्याला हे काम ठाऊक होते. ज्याला गावात कोणी फारसे मानले नाही, त्या मुद्रकाचे नाव आता देशोदेशी गेले. आज त्याची चित्रे ग्रोनिंगेनच्या संग्रहालयात जतन केलेली आहेत, आणि छपाईची विद्या शिकणारे तरुण ती पाहावयास जातात.

गोपीचंदनाची मुद्रा स्नानाबरोबर धुऊन जाते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा लावावी लागते. रोज लावावी लागते म्हणूनच ती आपली असते. वेर्कमाननेही आपली मुद्रा एकदाच उमटविली आणि स्वस्थ बसला असे झाले नाही. प्रत्येक सकाळी नवा कागद घेऊन त्याने ती पुन्हा शोधली, आणि दोन कागद कधी सारखे निघाले नाहीत. ज्या सत्तेने माणसांना अक्षरे आणि क्रमांक दिले ती लयास गेली. माळ्यावरच्या त्या एका माणसाने ज्यांना नाचावयास लावले ते भोळे भाविक मात्र कागदावर अजून नाचत आहेत.